पाऊस खऱ्या उंचीचा: व्हीआरमध्ये पहिला स्तंभालेख कसा उभा कराल

मी भूगोल शिकवते. "वार्षिक पर्जन्यमान अमुक मिलिमीटर" हे वाक्य वर्गात किती वेळा उच्चारलं असेल, त्याला गणती नाही. मिलिमीटर ही उंची आहे. पडलेलं पाणी न वाहता, न मुरता सपाट जमिनीवर साचलं असतं तर एवढं उभं राहिलं असतं, हे मुलांना तोंडपाठ असतं. पण २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली, हे वहीतल्या पाच सेंटिमीटरच्या स्तंभातून अंगाला जाणवत नाही. तोच स्तंभ मी व्हीआरमध्ये, म्हणजे हेडसेट घातल्यावर भोवती दिसणाऱ्या आभासी जगात, खऱ्या उंचीचा करून शेजारी उभा केला, तेव्हा त्याचं टोक माझ्या कमरेशी आलं. आकडा मला वीस वर्षं माहीत होता, उंची त्या दिवशी कळली.

तिथवर पोचायला उन्हाळ्याची अख्खी सुट्टी गेली. त्यातला निम्म्याहून अधिक वेळ ज्या चुकांत गेला, त्या कुणी आधी सांगितल्या असत्या तर टळल्या असत्या. त्या तुमच्या टळाव्यात म्हणून हा लेख. प्रोग्रामिंगचा मोठा अनुभव लागत नाही. एचटीएमएलची फाइल उघडून तिच्यात दोन ओळी बदलता येत असतील, तर तुम्ही हे करू शकाल.

आधी हे जमवून ठेवा

- लॅपटॉप, त्यावर क्रोम ब्राउझर आणि व्हीएस कोडसारखा एखादा एडिटर.
- ए-फ्रेम ही मोफत लायब्ररी. मोझिलाच्या व्हीआर गटाने २०१५ मध्ये ती आणली. ती थ्री-जेएस या त्रिमिती चित्रं काढणाऱ्या लायब्ररीवर उभी आहे आणि व्हीआरचं दृश्य साध्या एचटीएमएल टॅगांमध्ये लिहू देते.
- हेडसेट. मी मेटा क्वेस्ट २ वापरते. तो नसेल तर अँड्रॉइड फोन आणि काही शे रुपयांत मिळणारा कार्डबोर्डसारखा खोका. फोनमध्ये जायरोस्कोप आहे का, हे मात्र खोका घेण्याआधी तपासा. स्वस्त फोनांत तो अनेकदा नसतो, आणि मग मान वळवली तरी दृश्य जागचं हलत नाही.
- पावसाची आकडेवारी, सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे).
- शिंप्याची टेप. हसू नका, ती पदोपदी लागते.

१. हा आलेख व्हीआरमध्ये का हवा, ते ठरवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मीही गाळली होती. उत्साहाच्या भरात आधी विभाजित वर्तुळ त्रिमितीत तरंगत ठेवलं, मग दहा वर्षांच्या पावसाचा रेषालेख. दोन्ही कागदावर जास्त चांगले वाचता येत होते.

विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं, की एकाच मोजपट्टीवरच्या जागांची तुलना माणूस सर्वांत अचूक करतो. लांबी आणि कोन त्याच्या खाली, क्षेत्रफळ आणखी खाली, आणि घनफळ जवळपास तळाशी. व्हीआर घनफळाचा मोह घालतं. गोळे मोठे-लहान करून लोकसंख्या दाखवावीशी वाटते. त्या मोहात पडू नका.

दुसऱ्या बाजूला कॉलिन वेअर आणि ग्लेन फ्रँक यांचा १९९६ चा प्रयोग आहे. गुंतागुंतीचं जाळं दोन्ही डोळ्यांना वेगळं चित्र देऊन आणि डोक्याच्या हालचालीप्रमाणे फिरवून दाखवलं, तर सपाट पडद्याच्या मानाने सुमारे तिप्पट मोठं जाळं लोकांना वाचता आलं. म्हणजे व्हीआरचं बळ खोलीत आहे आणि मान हलवून बाजूने पाहण्यात आहे.

माझ्या अनुभवातून मी यात एक भर घालते: व्हीआरचं बळ खऱ्या मापात आहे. ज्या आकड्याला स्वतःची उंची, अंतर किंवा खोली आहे, तो आकडा व्हीआरमध्ये आणा. पाऊस, विहिरीची पाणीपातळी, झाडाची उंची, भरती-ओहोटी. टक्केवारी आणि रुपये कागदावर राहू द्या.

२. आकडेवारी मिळवा आणि घासूनपुसून घ्या

भारतीय हवामान विभागाचं पुण्याचं कार्यालय १९०१ पासूनचा रोजचा पाऊस अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकोनांत देतं, दर वर्षाची एक फाइल. पुण्यात त्या इमारतीला लोक आजही सिमला ऑफिस म्हणतात, कारण मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे आलं. फाइल वाचायला पायथॉनची आयएमडीलिब ही लायब्ररी सोपी पडते. हव्या त्या चौकोनांचे आकडे काढून सीएसव्हीत ठेवा.

इथे चार सापळे आहेत.

पहिला: जिथे आकडा नाही तिथे उणे ९९९ लिहिलेलं असतं. तो गाळला नाहीत, तर जमिनीखाली एक मीटर जाणारे स्तंभ तयार होतात. ते दिसत नाहीत, आणि सरासरी बिघडवतात ते वेगळंच. मला हे दोन दिवसांनी कळलं, तेही समुद्रावरच्या चौकोनांमुळे.

दुसरा: हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. सव्वीस तारखेला दिवसभर कोसळलेला पाऊस सत्तावीसच्या सकाळी मोजला जातो आणि सत्तावीस तारखेच्या रकान्यात बसतो. तुम्ही २६ जुलै उघडून "एवढाच?" म्हणाल. पुढचा दिवस उघडा.

तिसरा सापळा सगळ्यांत महत्त्वाचा. पाव अंशाच्या चौकोनाची बाजू साधारण २७ किलोमीटर असते आणि त्यातला आकडा आसपासच्या केंद्रांवरून काढलेला असतो. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर पाऊस झाला. दोन्ही ठिकाणांत अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. चौकोनांच्या आकड्यांत हा फरक पातळ होऊन जातो. एका जागेची, एका दिवसाची गोष्ट सांगायची असेल तर त्या केंद्राचा आकडा घ्या. प्रदेशभराचं चित्र हवं असेल तर चौकोन घ्या. दोन्ही एकाच आलेखात मिसळू नका.

चौथा अगदी साधा आहे. ए-फ्रेममध्ये एक एकक म्हणजे एक मीटर. मिलिमीटरला हजाराने भागा. मी एकदा विसरले आणि ९४४ मीटरच्या स्तंभाच्या पोटात उभी राहिले. चहूकडे नुसता निळा रंग होता.

३. एकच स्तंभ उभा करा

सगळा आलेख एकदम बांधायला घेऊ नका. कोऱ्या पानावर ए-फ्रेमची स्क्रिप्ट जोडा, त्यात सीनचा टॅग, त्यात जमिनीसाठी प्लेनचा टॅग आणि एक बॉक्सचा टॅग. बॉक्सची रुंदी आणि जाडी ०.२, उंची ०.९४४.

आता जागा द्यायची. जागेचे तीन आकडे असतात: डावी-उजवी, वर-खाली, पुढे-मागे. पुढची दिशा उणे असते. म्हणजे दोन मीटर समोर ठेवायचं तर तिसरा आकडा उणे दोन. तो अधिक दोन दिलात तर स्तंभ पाठीमागे जातो आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसता.

खरी फसगत मधल्या आकड्यात आहे. बॉक्सची जागा त्याच्या मध्यबिंदूवरून ठरते, पायावरून नाही. मधला आकडा शून्य ठेवलात तर निम्मा स्तंभ जमिनीत गाडला जातो आणि ९४४ चा पाऊस ४७२ दिसतो. मधला आकडा नेहमी उंचीच्या निम्मा द्या, इथे ०.४७२. हेडसेटमध्ये ही चूक लक्षात येत नाही, कारण निम्मा स्तंभही स्तंभच दिसतो. मला ती टेपने दाखवून दिली. टेबलाची उंची टेपने मोजली, तेवढ्याच उंचीचा एक बॉक्स दृश्यात ठेवला, आणि हेडसेट वर-खाली करून दोन्ही जुळतात का ते पाहिलं. तुम्हीही हे कराच.

४. बारा महिने: सरळ रांगेत नको, कमानीत मांडा

कागदावर स्तंभ सरळ रांगेत असतात म्हणून इथेही तसेच मांडावेसे वाटतात. करून पाहा. दोन मीटरवर, एकमेकांपासून ३८ सेंटिमीटर अंतराने बारा स्तंभ रांगेत ठेवले, तर टोकाचे स्तंभ तुमच्यापासून जवळपास २.९ मीटरवर जातात. तेवढ्याच उंचीचा स्तंभ तिथे सुमारे तिसऱ्या हिश्शाने लहान दिसतो. डिसेंबर उगाचच बुटका होतो.

त्याऐवजी पाहणाऱ्याला केंद्र मानून दोन मीटर त्रिज्येची, १२० अंशांची कमान करा. बारा स्तंभांत अंतर तेवढंच पडतं, पण सगळे डोळ्यापासून सारख्याच लांब. कोनाच्या साइनला दोनने गुणून डावी-उजवी, कोसाइनला उणे दोनने गुणून पुढे-मागे. दहावीच्या त्रिकोणमितीचा एवढा सुंदर उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

सांताक्रूझचे सरासरी महिने असे मांडलेत की पावसाळा डोळ्यांसमोर उभा राहतो. जानेवारी ते मे जमिनीला चिकटलेले, जून मांडीपर्यंत, जुलै त्याहून उंच, मग पुन्हा उतरण. आणि कमानीच्या मधोमध, थोड्या पुढे, वेगळ्या रंगाचा तो एका दिवसाचा स्तंभ ठेवा. तो जुलैच्या सबंध महिन्याच्या सरासरीपेक्षा उंच आहे. हे वाक्य मी मुलांना सांगत नाही. त्यांच्याच तोंडून येतं.

मोजपट्टी हवीच. अर्ध्या मीटरवर आणि एक मीटरवर बारीक आडवी वर्तुळं टॉरसच्या (कड्याच्या आकाराच्या) टॅगने काढा. उभ्या अक्षावर दहा रेघा मारू नका, डोळ्यांसमोर जाळी होते. रंगाचंही तसंच: उंची जे सांगते तेच पुन्हा रंगाने सांगायला नको. बाराही महिने एका रंगात, तो दिवस दुसऱ्या रंगात, बस्स.

गावागावांची तुलना करायची असेल तर वर्षाचे स्तंभ घ्या, पण वेगळ्या दृश्यात. पुणे पाऊण मीटरच्या आसपास, सांताक्रूझ डोक्याच्या वर, महाबळेश्वर पाच मीटरहून उंच. इथे दोन मीटरचं अंतर पुरत नाही, मान मोडते. सहा-सात मीटर मागे न्या. चेरापुंजीचा १८६०-६१ चा बारा महिन्यांचा विक्रम साडेसव्वीस मीटरच्या घरात आहे. तो ठेवायचा तर वीसेक मीटर लांब ठेवा आणि पाहणाऱ्याला आधी खुर्चीवर बसवा.

५. मराठी अक्षरं

इथे मी हार मानण्याच्या बेतात होते, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

ए-फ्रेमच्या मजकुराच्या टॅगमध्ये "जुलै" लिहिलं तर ते दिसतच नाही, कारण त्यासोबत येणाऱ्या फाँटमध्ये देवनागरी नाही. मग तुम्ही शोधाशोध करून देवनागरीचा फाँट त्या रूपात बदलून आणाल, आणि अक्षरं उमटतील, पण मोडकी. पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे यायची ती मागे जाईल, जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतील. या पद्धतीत एकेक अक्षरचित्र ओळीने ठेवलं जातं. आपल्या लिपीत अक्षरं एकमेकांना पाहून रूप बदलतात, ते तिला ठाऊक नाही.

उपाय असा. ब्राउझरला मराठी उत्तम लिहिता येतं, तेव्हा त्याच्याचकडून लिहून घ्या. पानात एक कॅनव्हास, म्हणजे चित्र काढायचा कोरा चौकोन, तयार करा, त्यावर मराठी मजकूर काढा, आणि तो कॅनव्हास एका प्लेनवर चित्र म्हणून चिकटवा. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या सगळं जागच्या जागी येतं. फाँट मी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी वापरते, ठळक वळणात.

यात तीन गोष्टी सांभाळा. फाँट पूर्ण उतरल्यावरच कॅनव्हासवर लिहा, नाहीतर पहिल्या वेळी भलत्याच फाँटात अक्षरं येतात आणि पान पुन्हा उघडल्यावर बरोबर दिसतात. अशा चुकीचा माग काढणं फार जड जातं. मजकूर नंतर बदललात तर चित्र ताजं करायची सूचना थ्री-जेएसला द्यावी लागते. आणि त्या प्लेनला सपाट शेडर द्या, म्हणजे दृश्यातल्या दिव्यामुळे अक्षरं काळवंडत नाहीत.

अक्षरांचा आकार कोनात मोजा. दोन मीटरवर एक अंश म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. हेडसेटमध्ये एका अंशात साधारण वीस-पंचवीस ठिपकेच बसतात. इंग्रजी अक्षर तेवढ्यात निभावतं. आपल्याला शिरोरेघेच्या वर मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार बसवायचे असतात. त्यामुळे मी शिरोरेघेपासून खालचं अक्षरच पाच सेंटिमीटरचं ठेवते. "जून" आणि "जुलै" तीन सेंटिमीटरमध्ये लिहून पाहिले होते, मागच्या बाकावरच्या मुलाने दोन्ही "जन" वाचले.

६. हेडसेटपर्यंत पोचवा

लॅपटॉपवर पान चालतं, हेडसेटमध्ये चालत नाही: याची कारणं बहुधा दोनच.

एक, ब्राउझर व्हीआरमध्ये शिरायची परवानगी सुरक्षित पत्त्यालाच देतो, म्हणजे पत्ता एचटीटीपीएसने सुरू व्हायला हवा. लॅपटॉपवर लोकलहोस्टला, म्हणजे त्याच यंत्रावरून चालणाऱ्या पानाला, सूट असते, म्हणून तिथे अडत नाही. दोन, हेडसेटच्या ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट टाकलंत तर तो हेडसेट स्वतःतच शोधतो, तुमच्या लॅपटॉपवर नाही.

सगळ्यांत कमी डोकेदुखीचा मार्ग म्हणजे फाइल गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाच्या मोफत पेजेस सुविधेवर चढवा. पत्ता सुरक्षित मिळतो. हेडसेटच्या ब्राउझरमध्ये तो उघडा आणि खालच्या कोपऱ्यातलं व्हीआरचं बटण स्वतः दाबा. पान आपोआप व्हीआरमध्ये जाणार नाही, बोट लावावंच लागतं.

आत गेल्यावर आधी जमीन तपासा. हेडसेटमध्ये जमिनीची पातळी चुकीची धरली गेली असेल तर सगळा पाऊस घोट्याएवढा वर तरंगतो. पातळी पुन्हा नोंदवा.

कार्डबोर्ड वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. फोनला फक्त मान वळलेली कळते, तुम्ही वाकलात की पुढे सरकलात हे कळत नाही. कॅमेरा १.६ मीटरवर स्थिर असतो. सातवीतल्या मुलाला तो स्तंभ त्याच्या डोळ्यांतून नाही, मोठ्या माणसाच्या डोळ्यांतून दिसतो. मुलाच्या डोळ्यांची उंची टेपने मोजा आणि कॅमेरा तिथे ठेवा.

७. वेग आणि गरगर

क्वेस्टवर दृश्य सेकंदाला किमान ७२ वेळा नव्याने काढावं लागतं, म्हणजे एका चित्राला जेमतेम १४ मिलिसेकंद. बारा-पंधरा स्तंभांना काही अडचण नाही. मी हौसेने तीस वर्षांचा रोजचा पाऊस उभा केला, जवळपास अकरा हजार बॉक्स. दृश्य अडखळायला लागलं आणि पाचव्या मिनिटाला मला मळमळलं. एवढे स्तंभ हवेच असतील तर थ्री-जेएसचं इन्स्टन्स्ड मेश वापरा, ते सगळे बॉक्स एकाच हुकमात काढतं. पण आधी मनाला विचारा, अकरा हजार हवेत का. मी शेवटी तीस ठेवले, दर वर्षाचा सर्वांत ओला दिवस.

पाहणाऱ्याला कोडमधून सरकवू नका, आलेख त्याच्याभोवती फिरवू नका. पाय स्थिर आणि डोळ्यांना हालचाल, की पोट ढवळलंच. स्तंभ जमिनीतून हळूहळू वर येणं मात्र चालतं, कारण बाकीचं जग स्थिर असतं.

८. माणसांना दाखवताना

मेटाचे हेडसेट १० वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत, हा त्यांचाच नियम आहे. तो पाळा. एका वेळी तीन-चार मिनिटं पुरेत. भिंगं कोरड्या मऊ कापडाने पुसा. हेडसेट खिडकीत ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं की पडदा कायमचा जळतो.

माझ्या एका सहकारी बाई त्या जुलैत सांताक्रूझजवळ कलिन्याला राहत होत्या. हेडसेट घातला, स्तंभाजवळ हात नेला आणि बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे पाणी याच्यावर होतं." त्यांचं बरोबर होतं. पाऊस सगळीकडे सारखा उभा राहत नाही. तो उतारावरून मिठी नदीकडे आणि सखल वस्त्यांकडे धावतो, भरती असेल तर तिथेच अडतो. माझा स्तंभ पावसाचा होता, पुराचा नव्हता, आणि हे मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी स्तंभाच्या पायाशी पाटी लावली: "ही पडलेल्या पावसाची उंची आहे. साचलेल्या पाण्याची नाही." तुमच्या आलेखात ही पाटी पहिल्या दिवसापासून असू द्या. आणि ज्यांनी तो दिवस पाहिला आहे, त्यांना आत काय दिसणार आहे ते हेडसेट घालण्याआधी सांगा.

मुलांसाठी मी क्रम ठरवून टाकला आहे. आधी हेडसेटशिवाय विचारते: ९४४ मिलिमीटर तुझ्या अंगावर कुठे येईल, तिथे हात ठेव. बहुतेक जण घोट्यावर किंवा गुडघ्यावर ठेवतात. हात तिथेच ठेवून हेडसेट घालायचा. मग कुलाब्याचा ७३ मिलिमीटरचा स्तंभ दाखवते, आणि त्यानंतर सांताक्रूझचा.